गंडा सोडल्यावर

माझा डावा कान सलाइनच्या स्टँडने गेला. मारणाऱ्याची बायको बाळंतपणात गेली होती आणि ते त्याला सांगायला नेमकी मी समोर उभी होते. पहिला फटका डॉक्टर अलीमच्या खांद्यावर बसला, दुसरा माझ्या कानावर, तिसऱ्यात खिडकी गेली. रक्त गळ्यापर्यंत ओघळलं तेव्हा वॉर्डातल्या गयाबाई मावशींनी कापसाचा बोळा दाबून धरला.

"बाई, रडा की," त्या म्हणाल्या.

"वेळ नाही मावशी. अजून दोघांना सांगायचंय."

मी वर्षा घोडके, जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक. पदाचं नाव भारदस्त आहे, काम दोनच. गरिबांचे योजनेचे कागद करायचे आणि माणूस गेला की नातेवाइकांना सांगायचं. डॉक्टर सांगत नाहीत, त्यांना पळायला पुढचा पेशंट असतो. त्या एका वर्षात आमच्याकडे एकोणीस वेळा मारामारी झाली. एका शिकाऊ डॉक्टरचा जबडा मोडला, एका सिस्टरला जिन्यावरून ढकललं. त्यामुळे पुढच्या वर्षी पट्टी आली तेव्हा तिच्यापुढे नारळ फोडायला मी सगळ्यात पुढे होते.

पट्टी म्हणजे मनगटावर बांधायचा राखाडी रबरी तुकडा. कागदोपत्री तिचं नाव होतं 'स्थैर्य'. लोकांनी बांधताक्षणी तिला गंडा म्हणायला सुरुवात केली. फाटकावर सुरक्षारक्षक प्रत्येक नातेवाइकाला गंडा बांधायचा, जाताना सोडून घ्यायचा. गंड्याशिवाय आत प्रवेश नाही.

ती बनवणारे डॉक्टर खांडेपारकर आम्हाला समजावायला आले होते. माणूस हुशार, बोलणं साधं. ते म्हणाले, "भीती, दुःख, संताप यांतला फरक शरीराला फारसा कळत नाही. त्याला धोका एवढंच कळतं. मेंदूच्या तळातून हुकूम सुटतो, तो मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींपर्यंत जातो. काही सेकंदांत अ‍ॅड्रिनलिन येतं. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, पोटातलं रक्त हातापायांत धावतं. काही मिनिटांनी मागून कॉर्टिसॉल येतं आणि रक्तात साखर वाढवतं. शरीर पळायला किंवा मारायला तयार झालं. आता तुम्ही त्याला सांगता, तुझा मुलगा गेला. बिचारा पळेल कुठे?"

म्हणून तो मारतो. हे मला कानाने शिकवलं होतंच.

पट्टीच्या आतल्या बाजूला केसाहून बारीक सुया होत्या. त्या घाम चाखायच्या आणि ताण चढला की औषध सोडायच्या. औषध पेशींवरच्या कुलपांत जाऊन बसायचं. अ‍ॅड्रिनलिन येवो की कॉर्टिसॉल, किल्ली लागायचीच नाही. छाती शांत, हात शांत. वर्षभरात आमच्या आवारात एकही मारामारी झाली नाही. राजधानीत कुठल्याशा समारंभात रुग्णालयाच्या अधीक्षकांनी सत्काराची शाल घेतली. मीही घरी जाऊन झोपायला लागले.

हणमंत सुरवसे आले तो मंगळवार होता. बोरवंटीचे, पन्नाशीपुढचे, बोलणं इतकं हळू की मला उजवा कान पुढे करावा लागला. त्यांचा मुलगा वैभव सकाळी दूध घालायला निघाला आणि मोटारसायकलसकट ट्रॉलीखाली गेला. दहाला टेबलावर घेतला, साडेदहाला संपला.

"काका, वैभवला नाही वाचवता आलं," मी म्हणाले.

ते मनगटावरच्या गंड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. बॉडी कवा देताल?"

"पोस्टमॉर्टम होईल. चार तरी वाजतील."

"मग मी म्होरं जातो. तयारी करावी लागंल. बाई, घरी एक फोन लावता का? सून हाय, ऋतुजा. तिला सिरीयस हाय म्हणून सांगा. बाकीचं मी गेल्यावर बघतो."

आपल्याकडे मेल्याची बातमी फोनवर कोणी देत नाही. सिरीयस आहे म्हणायचं, मग माणसाने घरी पोचून काय ते सांगायचं. मीही शेकडो वेळा असंच सांगितलंय, त्यात वावगं काय असणार? मी फोन लावला. पलीकडे बाविशीतला आवाज, मागे एक लहान पोरगी गाणं म्हणत होती.

"पण वाचतील ना ते, मॅडम?"

"प्रयत्न चालू आहेत," मी म्हणाले.

हणमंतकाकांनी मला हात जोडले, डॉक्टरला जोडले, झाडूवाल्याला जोडले. गयाबाई दारात स्ट्रेचर धरून उभ्या होत्या. त्यांनी माझा पदर ओढला.

"बाई, ह्यो बाबा रडला न्हाई. असं सोडू नगा. आमच्यात बाई रडली न्हाई तर म्हाताऱ्या तिला चिमटं काढून रडवत्यात. न्हाईतर ते आत बसतंय आन माणसाला खातंय."

"मावशी, गंडा आहे त्यांना. तुम्ही स्ट्रेचर न्या."

बाराला त्यांनी फाटकावर गंडा सोडून दिला आणि पुतण्याच्या गाडीवर बसून गेले.

चार वाजता जीप आली. मागच्या फळीवर गोधडीत एक बाई होती, डोक्याचा उजवा भाग आत गेलेला, केसांत हाडाचे तुकडे. तिच्याजवळ बसून हणमंतकाका स्वतःचा हात चावत होते. मनगटाचं मांस निघालं होतं. घशातून निघणारा आवाज माणसाचा वाटत नव्हता. चौघांनी त्यांना दाबून धरलं आणि रक्षकाने नियमाप्रमाणे गंडा बांधला. दहा मिनिटांत ते बाकावर बसले, पाय जुळवून.

"मीच मारलं," ते मला म्हणाले. "बत्त्यानं. का मारलं ते इचारू नगा, मला ठावं न्हाई." आणि नखांतलं रक्त काडीने काढायला लागले.

त्यांच्या बायकोकडून, पार्वतीकाकूंकडून, पुढचं कळलं. ऋतुजाने नवऱ्याचे धुतलेले कपडे पिशवीत भरले होते. सासरे आत आल्यावर तिने विचारलं, "मामा, कवा सोडणारेत त्यानला? डब्यात भाकरी देऊ का दशम्या करू?" माझ्या फोनमुळे तिला आशा होती आणि ती आशा तिच्या तोंडावर दिसत होती. सासऱ्यांनी चुलीजवळचा बत्ता उचलला. काकूंनी आठ घाव मोजले, मग नातीला, तीन वर्षांच्या ओवीला, पोटाशी धरून कणगीमागे लपल्या. ज्या माणसाने बैलावर कधी चाबूक उगारला नाही, त्याने हे केलं.

ऋतुजा जिवंत होती. तिला यंत्रावर ठेवलं.

मी डॉक्टर अलीमला गाठलं. त्याने सांगितलं ते असं. कॉर्टिसॉल पुरेसं झालं हे मेंदूलाही त्याच कुलपांतून कळतं. कुलपं अडवली की त्याला वाटतं, खाली काही पोचलंच नाही. तो आणखी पाठवतो, आणखी पाठवतो. सर्दीने जीभ मेलेली बाई आमटीत तिखट टाकत राहते, तसं. औषध दोन तासांत उतरतं आणि रक्तात साठलेलं सगळं एकदम लागू होतं. त्या वेळी समोर जे असेल ते.

"आणि तोवर माणूस घरी पोचलेला असतो," मी म्हणाले.

"हो, मॅडम."

त्या संध्याकाळी मी पोलीस केसचं रजिस्टर आणि मृत्यूचं रजिस्टर शेजारी ठेवून बसले. गावं जुळवली, आडनावं जुळवली. गंडा आल्यापासून तेरा बायका आणि दोन पोरं. कोणाचा हात मोडलेला, कोणाला भाजलेलं, एकीला विहिरीतून काढलेलं. सगळ्यांच्या घरचं कोणीतरी त्याच दिवशी आमच्याकडे वारलं होतं आणि सगळ्यांच्या घरच्यांनी मला हात जोडले होते. मी त्यांच्या सह्या ओळखल्या.

दुसऱ्या दिवशी अधीक्षकांच्या खोलीत पडद्यावर खांडेपारकर होते.

"सर, वड्याचं तेल वांग्यावर निघतंय," मी म्हणाले. "आमचा मार बायका खातायत."

"उलट उसळी आम्हाला माहीत आहे, मॅडम. माहितीपत्रकात पान सोळावर दिलंय. पट्टी सोडल्यावर दोन तास देखरेख हवी."

"पान सोळा कोणी वाचलंय?"

अधीक्षक मध्येच म्हणाले, "रोज पन्नास माणसं दोन-दोन तास कुठे बसवू? माणसं आहेत का माझ्याकडे? आवाराबाहेर घडतं त्याला रुग्णालय जबाबदार नाही." मग जरा मऊ आवाजात, "घोडके मॅडम, तुमचा एक कान गेलाय. दुसरा सांभाळा."

मला त्यांचा राग आला नाही. संताप आला, पण तो मी नेहमीसारखा गिळला आणि डबा खाल्ला.

ऋतुजाचे दोन भाऊ माहेराहून आले होते. थोरला नवनाथ ऊसतोडीला जाणारा, खांदे दाराएवढे. धाकटा अंगद आयटीआयला होता. रात्रंदिवस आयसीयूच्या बाहेर बसायचे, गंडे बांधून. गुरुवारी मी चहा दिला तेव्हा नवनाथ पावसापाण्याचं बोलावं तसं बोलला.

"मॅडम, म्हातारा तर जेलात गेला. पण माझ्या बहिणीला काय झालं तर त्या घरात दिवा लावायला कोण ठेवायचं न्हाई. जीपमधी कोयता हाय."

"घरात एक म्हातारी आहे आणि तुझी भाची आहे, नवनाथ."

"पोरगी बी त्यांच्याच रक्ताची," तो म्हणाला आणि चहाचा कप विसळून जागेवर ठेवला.

मी पोलिसांना फोन केला. ते म्हणाले, अजून काही घडलेलं नाही ना मॅडम, घडलं की कळवा.

शुक्रवारी सकाळी अकराला ऋतुजा गेली.

डॉक्टर अलीमने मला डोळ्यांनी खुणावलं. दोघे भाऊ बाकावर होते, मनगटांवर राखाडी गंडे. नियमाप्रमाणे मी आत्ता सांगायचं, ते 'बरं' म्हणणार, फाटकावर गंडे देणार. बोरवंटी दीड तास. औषध उतरेल तेव्हा जीप पार्वतीकाकूंच्या दारात असेल. गणित पहिलीतल्या पोराला जमलं असतं.

"डॉक्टर, दोन वाजेपर्यंत कागदावर काही चढवू नका," मी म्हणाले.

"मॅडम, नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे."

माझी खोली जुन्या क्षयरोग इमारतीत, सगळ्यांपासून लांब. मी दोघांना तिथे नेलं आणि फाटकावरून आणलेली चुंबकाची किल्ली लावून गंडे काढून टेबलात टाकले. "डॉक्टर बोलायला येणार आहेत. वेळ लागेल. जेवून घ्या," असं सांगितलं. खोलीतली कात्री, काचेचं वजन, खुर्चीमागची लोखंडी सळई मी सकाळीच काढली होती. गयाबाईंना सगळं सांगितलं होतं. त्या पदर खोचून दाराशी बसल्या.

"कसं हाय तिचं?" अंगदने विचारलं.

"प्रयत्न चालू आहेत."

तेच तीन शब्द. त्यांनीच ऋतुजाचा जीव घेतला होता, आता मी त्यांच्यावर दोन माणसांचा जीव टांगला होता. अंगदने डबा उघडला. ऋतुजाला शेंगदाण्याची चटणी आवडते म्हणून आईने दिली होती, ती त्याने बाजूला ठेवली, बहीण शुद्धीवर आली तर हवी म्हणून. मी खिडकीबाहेर बघितलं. त्या अडीच तासांबद्दल मला कोणी शिक्षा दिली तर मी निमूट घेईन.

एकच्या सुमाराला नवनाथच्या पायाला झटके यायला लागले. कपाळाला घाम आला. उठला, बसला, परत उठला. औषध उतरत होतं. त्याचे चार दिवस त्याच्याकडे परत येत होते, पण निदान आजची बातमी त्यांत नव्हती.

"मॅडम, खरं सांगा," तो ओरडला. चार दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढला होता.

पावणेदोन झाले होते. मी खुर्ची पुढे ओढली आणि त्याचा हात पोचेल इतक्या जवळ बसले.

"नवनाथ, ऋतुजा गेली. सकाळी अकराला. मी तुम्हाला अडीच तास खोटं सांगितलं. तिचा सासरा गंड्यात असताना मी त्याला सांगितलं, आणि तिला फोनवर सिरीयस म्हणून सांगितलं, म्हणून तो दिवस तसा झाला. काय करायचं ते मला कर."

मी सगळं काढलं होतं, फक्त पाण्याचा स्टीलचा जग टेबलावर राहिला होता.

तो उजव्या कानावर बसला. आत काहीतरी फुटलं आणि खोलीतला आवाज बंद झाला. पंखा फिरत होता, त्याला आवाज नव्हता. जग दुसऱ्यांदा आला तो गालफडावर, दोन दात जिभेवर आले. मी खाली पडले. त्याने लाथ घातली, बरगडी मोडल्याचं कळलं, ऐकू आलं नाही. पलीकडे अंगद भिंतीवर कपाळ आपटत होता, चुन्यावर लाल गोल उमटत होता, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. नवनाथ माझ्या छातीवर बसला आणि त्याने दोन्ही हात गळ्याभोवती घातले. त्याचे डोळे हणमंतकाकांसारखेच होते. ओरडून उपयोग नव्हता, रक्षक मीच लांब पाठवले होते. मला वाटलं, संपलं. ओवी वाचली असेल तर ठीक आहे.

मग त्याच्या खांद्यावरून गयाबाईंचं डोकं दिसलं. त्या त्याला ओढत नव्हत्या. पाठीमागून मिठी मारून त्याच्या मानेवर गाल टेकवून त्या बोलत होत्या. कान गेल्यापासून मी ओठ वाचायला शिकले होते. त्या विचारत होत्या, "ल्हानपणी काय म्हणत हुतास रं तिला? सांग की बाबा. काय म्हणून हाक मारत हुतास?"

त्यांच्या गावाकडे प्रेताजवळ बायका असंच रडतात. नाव घेऊन, हाक मारून, कोण कुठे खेळली, काय खाल्लं ते आठवून. त्या आठवणींत राग कुठे ठेवायचा ते माणसाला सुचत नाही.

नवनाथचे ओठ हलले. एकदा, दोनदा. "चिमे," तो म्हणाला. "चिमे, चिमे."

गळ्यावरचे हात सुटले. त्याचं तोंड इतकं मोठं उघडलं की मला त्याची पडजीभ दिसली, आणि तो माझ्यावरच पालथा पडला. त्याचा सगळा देह हलत होता. त्याच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या मानेवरून खाली गेलं. ऐकू येत नव्हतं, पण छातीला छाती लागलेली होती, त्यामुळे तो हंबरडा मला हाडांतून कळला. गयाबाईंनी अंगदला ओढून आणलं आणि आमच्यात बसवलं. डब्यातली चटणी जमिनीवर सांडली होती. आम्ही चौघं किती वेळ तसे होतो, सांगता येणार नाही. शरीर म्हणजे चुलीवरचं भांडं, उतू जायचं ते गेलं की खाली बसतं. कोणीतरी जवळ राहून ते उतू जाऊ द्यावं लागतं.

ऋतुजाला न्यायच्या गाडीत गयाबाई न विचारता चढल्या. ड्युटी सोडून गेल्या म्हणून त्यांना पुढे नोटीस आली, मला निलंबनाची आली. दोन्ही एकाच पाकिटात होत्या, सरकारने टपाल वाचवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्त्रियांच्या वॉर्डात बारा नंबरच्या खाटेवर होते. दोन्ही कानांना पट्ट्या, गाल सुजलेला. गयाबाई आल्या. त्यांना लिहिता येत नाही आणि तोंड सुजल्यासारखं झालं होतं, रात्रभर रडल्यामुळे. म्हणून त्यांनी हातांनी सांगितलं.

आधी दार दाखवलं, उघडणारं. मग पाठ वाकवून म्हातारी दाखवली. मग हात वर उचलला, मूठ कोयत्यासारखी वळवली आणि तशीच हवेत धरून ठेवली. मी उठायला गेले, बरगडी दुखली. तो हात त्यांनी बराच वेळ वर धरला. मग हळूहळू खाली आणला, बोट डोळ्याखाली ठेवलं आणि गालावरून हनुवटीपर्यंत ओढलं. दोन्ही हातांनी गळामिठी दाखवली. शेवटी गुडघ्याएवढी उंची दाखवली आणि ती उचलून कडेवर घेतली.

मी मान हलवली. कळलं म्हणून.

गयाबाई गेल्या नाहीत. खाटेच्या कडेला बसल्या, माझा हात मांडीवर घेतला आणि मला दिसावं म्हणून सावकाश ओठ हलवले.

"आन बाई, तुमी कवा रडणार?"

मी रडले नव्हते त्याला दोनेक वर्षं झाली होती. बाळंतपणात गेलेल्या त्या बाईपासून ऋतुजापर्यंत सगळी नावं माझ्याकडे होती. मी सांगू लागले. एक, मग दुसरं, मग वैभव, मग त्या पिशवीत भरलेले कपडे. पुढचं मला आठवत नाही. माझा आवाज मला ऐकू आला नाही. पण सगळ्या खाटांवरून बायका उठून माझ्याकडे बघत होत्या आणि पलीकडची एक पदराला डोळे पुसत होती, म्हणजे मोठाच असणार.